बिनडागाची भाकर

जेवणावर माझ्या मावसाजींइतका जीव लावणारा माणूस समुद्रपूरच्या पंचक्रोशीत झाला नाही, आणि जेवणापायी इतका रडलेलाही झाला नाही. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक डाळ मागायला आलं की आधी चौकशी व्हायची, "वरण करता का गोळे?" उत्तर पटलं नाही तर त्याला पाटवडीच्या रश्श्याची कृती ऐकवून मगच डाळ तोलायचे. मोटारस्टँडवर अनोळखी माणसाच्या शिदोरीत डोकावून, "वांग्याले तेल कमी पडलं, बाप्पा," असं सांगायला त्यांना जराही संकोच वाटत नसे. एकदा सांत्वनाला गेले, तर गेलेल्या म्हातारीच्या हातच्या आंबाडीच्या भाजीची आठवण काढता काढता घरच्यांच्या आधी स्वतःच ओक्साबोक्शी रडले. आवाज तर असा, की ओसरीवर शिंकले की परसातली म्हैस उठून उभी राहायची.

अशा माणसाच्या पोटी कुसुम आली. ती बोलायची जेमतेम, कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, भांडं पडलं की कान दाबून डोलत बसायची. खायची फक्त ज्वारीची पांढरी भाकर, तीही बिनडागाची. तव्याचा काळा ठिपका दिसला की अख्खी भाकर दूर. वरण, भाजी, दूध नुसतं शेजारी आलं तरी किंचाळायची. आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा. आमच्या गावात दोनच शब्द होते, येडी आणि हट्टी. पोरगी वाळत चालली होती, ओठांचे कोपरे सतत चिरलेले असायचे. मावसाजींनी गिरडची टेकडी चढून दर्ग्यात नवस बोलला, आणि वर्ध्याच्या डॉक्टरांनाही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, डाळ द्या, दूध द्या. मावसाजी हात जोडून म्हणाले, "काय द्या, हे मले समजते डॉक्टरसाहेब. ते तिच्या तोंडात जाईन कसं, ते सांगा."

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "ते मलाही ठाऊक नाही. पण जबरदस्ती करू नका. ती जे खाते, त्याच्याच आसपास काही जमतं का बघा."

पण घरात मावसाजींची थोरली बहीण होती. एक दिवस मावसाजी दुकानात असताना तिनं कुसुमचं नाक दाबून वाटीभर वरण पाजलं. कुसुमला भडभडून उलटी झाली आणि त्या दिवसापासून तिनं भाकरही सोडली. पाण्याशिवाय काही घेईना. मावसाजी ओरडणार म्हणून सगळे भिंतीला चिकटून उभे. पण ते बहिणीला हळूच म्हणाले, "आक्का, तुह्या मनात खोट नाई. पण आता तिले हात नको लावजो." आणि कुसुमपासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसले. पाटवडी, ठेचा, कांदा सगळं बाजूला सारून नुसती कोरडी पांढरी भाकर चघळायला लागले. तिच्याकडे न बघता, एक शब्द न बोलता. दोन्ही वेळा हेच. मावशी म्हणायची, यांना गप्प बसलेलं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. तिसऱ्या दिवशी कुसुम सरकत आली आणि तिनं त्यांच्या ताटातला तुकडा उचलला.

मग मावसाजींच्या डोक्यात आलं, उडदाची सोललेली डाळ पांढरीच असते की! मावशीनं ज्वारीच्या पिठात उडदाचं पीठ मिसळायला घेतलं. आधी चिमटीभर, मग आठवड्याआठवड्यानं थोडं थोडं. एकदा उडदाचं पीठ जरा जास्त पडलं. कुसुमनं भाकर हुंगली आणि ताट ढकललं. मावशी डोळे पुसायला लागली, तर मावसाजींचा चेहरा अभिमानानं फुललेला. "काऊन रडून राह्यली तू? माह्यीच पोट्टी हाय! एवढी जीभ तं मले बी नाई!" भाकर पुन्हा नव्यानं झाली. वर्षभरात ओठ भरून आले, हातापायांवर मांस चढलं.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न नाचणगावला झालं. वाजंत्र्यांचा आवाज कुसुमला सोसणार नव्हता, म्हणून मावसाजी तिला घेऊन मांडवापासून दूर, निंबाखाली सोडलेल्या बैलगाडीत बसले. भर लग्नात आतल्या पंगतीकडे पाठ करून बसलेले मावसाजी! मला राहवलं नाही. मी ताट वाढून घेऊन गेले.

"ठेव माय तिथं. तिचं होऊ दे," ते कुजबुजले.

कुसुम भाकर खात होती, आणि तिच्या सोबतीला मावसाजीही कोरडी भाकर चघळत होते. मध्येच तिचा हात मी आणलेल्या ताटाकडे गेला आणि तिनं बुंदीचा एक दाणा उचलला. बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला, जिभेवर ठेवला. आणि खाल्ला. मावसाजींचा घास हातातच राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पुसायला त्यांनी हात हलवला नाही. न जाणो, पोरगी दचकली तर.

तिनं दुसरा दाणा घेतला नाही. पुढंही कधी घेतला नाही. पण त्यानंतर मावसाजी ज्या ज्या लग्नाला गेले, तिथून पानात मूठभर बुंदी बांधून आणायचे, कुसुमच्या ताटापासून वीतभर दूर ठेवायचे आणि भलतीकडेच बघत बसायचे. तिचं जेवण झालं की ती बुंदी एकेक दाणा करून स्वतः संपवायचे. मावशी आतून विचारायची, "खाल्लं का तिनं?"

"आज नाई," मावसाजी म्हणायचे.