भुशाचं गवत

वारज्यात आमच्या शेजारी कॉम्प्युटर कंपनीतले एक गृहस्थ राहत. दर रविवारी ते टेबलावरच्या खेळण्यातल्या रेल्वेभोवती गाव वसवत. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची झाडं, हिरव्या रंगवलेल्या भुशाचं गवत. बोलणं मात्र "बघू", "जमेल" एवढंच. माझ्या बाल्कनीतल्या जिवंत गुलाबांकडे ढुंकूनही न बघणारे आमचे हे त्या भुशापाशी तासन्‌तास बसत. मी तेव्हा चाळिशीची, अक्कल चौदाची! एकदा खोट काढायलाच गेले.

"अहो, एवढं मोठं स्टेशन, आणि पानाची एक पिंक नाही?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. "वहिनी, बरोबर आहे आपलं." लगेच बारीक ब्रशनं खांबाच्या बुडाशी लाल डाग उमटवला. स्टेशन एकदम खरं दिसू लागलं.

"वा!" आमचे हे म्हणाले. मला नाही, त्यांना.