खोटी ठरलेली हाक

बाहेरच्या ट्रॉलरवाल्यांनी मालवणच्या मच्छीमारांना नुसता वैताग आणला होता. वायरलेसवर इथल्याच कुणाच्या तरी होडीचं नाव लावून "वाचवा" म्हणून हाक धाडायची, गस्तीची बोट तिकडे पळाली की इकडे खुशाल जाळी टाकायची. मेल्यांना लाज म्हणून नाही!

हा चावटपणा बंद केला संचितानं, दत्ताराम मच्छीमाराच्या इंजिनीअर लेकीनं. होडीवरच्या प्रत्येक वायरलेस यंत्राला तिनं वेगळी गुप्त खूण दिली. शिवाय जेटीवर बांधलेल्या होडीच्या नावानं हाक आली, तर यंत्रणा ती परस्पर खोटी ठरवायची. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी, सत्यवाननी, तिला शाल-नारळ दिला. तिचं सगळ्यांना एकच सांगणं: यंत्र कुणाला उसनं देऊ नका.

"दर्यात आधार कार्ड बघतत काय गो?" बाबा हसायचे. जाळी, डिझेल, बर्फ, सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वाटून घेत जन्म गेलेला माणूस.

ऑक्टोबरात बाबांचं यंत्र बिघडलं. आठ दिवस ते संचिताच्याच टेबलावर पडून होतं. तिला कामातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. "मी कडेकडेनाच जातंय," बाबा म्हणाले.

त्या दुपारी वारा सुटला. तीन वाजता सोसायटीच्या कचेरीत संचितासमोरच्या पडद्यावर शेजारच्या निलेशच्या होडीची हाक आली. निलेशची होडी तर समोर जेटीवर बांधलेली! यंत्रणेनं लाल शेरा मारला: खोटी. "परत सुरू झाले मेले," म्हणत संचितानं ती पुसून टाकली. हाक चार वेळा आली. तिनं चारही वेळा पुसली.

दुसऱ्या दिवशी तारकर्लीला बाबांची होडी उलटी सापडली, आणि संध्याकाळी बाबा. होडीला बांधलेलं यंत्र निलेशचं होतं.

"मीच दिलंय गो," निलेश हमसून हमसून रडत होता. "काका म्हणाले, संचिताक सांगू नको, ती आरडतली."

"तुझी काय चूक? यंत्रणेन आपला काम केल्यान," सत्यवान समजूत घालायला आले. त्यांचं तोंडही बघू नये असं तिला वाटलं, कारण ते खरं बोलत होते.

चौकशीचा अहवाल तिलाच लिहायचा होता. तिनं लिहिलं, यंत्रणेत दोष नाही. खाली पूर्ण नाव घालायचं होतं. 'संचिता दत्ताराम' इथवर लिहून तिचा हात थांबला.