देसाईंच्या नावाचं टेबल

चूक माझी आहे. ती आधी सांगतो, मग बाकीचं. माझ्या चांगल्या शहाण्या मायला मी परक्या माणसासमोर वेडी ठरवलं. एका टेबलासाठी. पांढरा कपडा अंथरलेलं, खिडकीजवळचं टेबल. बस, एवढंच.

आम्ही सुरतेत पांडेसऱ्याला राहतो. वडील धुळ्याकडून इथं कामाला आले. मी डाइंग मिलच्या रंगखात्यात आहे. मायनं घरी बसून साड्यांना टिकल्या लावल्या. नजर अधू होईपर्यंत लावल्या. माझी मुलगी करुणा फिजिओथेरपिस्ट झाली, दवाखान्यात नोकरीला लागली, तेव्हा म्हणाली, "आजीला वेसूच्या त्या हॉटेलात जेवायला नेणार. पहिल्या पगारात." वेसू म्हणजे आमच्या शहरातला पैसेवाल्यांचा भाग. तिच्याबरोबरच्या मुली त्या हॉटेलात जाऊन आल्या होत्या. फोटो टाकायच्या.

तिनं फोन करायला सुरुवात केली. शनिवारी? फुल. पुढच्या शनिवारी? फुल. बरं, मंगळवारी दुपारी? तेही फुल. ॲपवर टेबल दिसायचं. नाव-पत्ता भरला की 'आम्ही कळवू' यायचं. कुणी कळवलं नाही. पहिला पगार संपला, दुसरा आला. करुणा म्हणायची, "गर्दीच असते हो बाबा तिथं." तिला तसं वाटत होतं, की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायची, माहीत नाही.

एक दिवस मिलमधून मीच फोन लावला. पलीकडे गोड आवाजाची मुलगी.

"कहाँ से आएंगे, सर?"

"पांडेसरा."

"शुभ नाम?"

"बैसाणे."

ती जरा थांबली. "सॉरी सर. पूरा महिना फुल है."

हिशेबखात्यातले तरुणभाई समोर बसून ऐकत होते. हसले. "अरे काका, पांडेसरा बोलशो तो कोण टेबल आपशे? देसाई बोलो. वेसु बोलो." पांडेसरा म्हटल्यावर टेबल कोण देणार, ही त्यांच्या लेखी गंमत होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांचाच मोबाइल मागून घेतला. तोच नंबर, तीच मुलगी, तोच शनिवार.

"देसाईसाहेब, विंडो टेबल फावशे?"

"फावशे," म्हणजे चालेल, मी म्हणालो. आवाजसुद्धा जरा जाड काढला. लाज वाटते सांगायला, पण 'साहेब' ऐकून बरं वाटलं.

घरी सांगितलं, ओळखीनं जमलं.

शनिवारी आम्ही चौघं गेलो. माय, बायको सुनंदा, करुणा आणि मी. मायनं नवी साडी नेसली होती. दारातल्या मुलीनं नाव विचारलं. मी हळूच म्हणालो, "देसाई." माय माझ्या मागंच होती.

"कोन शे रे देसाई?" घरात आम्ही अहिराणीच बोलतो. तिचा आवाज मोठा.

मी तिचा हात दाबला. "गप ऱ्हाय, माय."

सुनंदानं मान खाली घातली. करुणा माझ्याकडे बघत राहिली.

बसलो. ऑर्डर दिली. मग मॅनेजर आला. कोट घातलेला, हसतमुख. हात जोडून म्हणाला, "देसाई एटले अनाविल ने? कया गामना?" अनाविल म्हणजे सुरतेकडचे ब्राह्मण. त्याला वाटलं, आपल्यातलेच आहेत. माझ्या तोंडात एकही गाव येईना.

मायनं उत्तर दिलं. तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत, सरळ. "अमे देसाई नथी, भाई. अमे बैसाणे. पांडेसराना. जयभीम."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं मायकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आणि मी बोललो. मीच. "माताजी का दिमाग ठिकाने पे नहीं है. कुछ भी बोलती हैं. आप ध्यान मत दो."

"ओह," तो म्हणाला. "कोई बात नहीं, देसाईसाहेब."

टेबल वाचलं.

तो गेला, वेटरच्या कानाशी लागला. वेटर आला. मायच्या पुढची सुरी त्यानं उचलली. मग काटा उचलला. काचेचा ग्लास नेला आणि प्लास्टिकचा आणून ठेवला. आमच्या तिघांपुढचं सगळं तसंच. मग वाकून, लहान मुलाशी बोलतात तसं मायला म्हणाला, "माताजी, ये चम्मच है. चम्मच. इससे खाना है."

मायला हिंदी कळते. तिला सगळं कळलं होतं. तिनं हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले. वेड्यापुढून सुरी काढून घेतात. तिच्यापुढून काढून घेतली, आणि ती माझ्या बोलण्यानं.

करुणा हळू म्हणाली, "मी दर वेळी खरं नाव सांगत होते, बाबा."

एवढंच म्हणाली. पण मला पुढं बसवेना. ज्यांनी माझ्या पोरीला महिनोन्महिने दाराबाहेर ठेवलं, त्यांच्याच बाजूला मी जाऊन बसलो होतो. पोटच्या पोरीच्या समोर, मायच्या शेजारी.

मी उभा राहिलो. मॅनेजरला हाक मारली. लोक बघायला लागले. बघू दे.

"मैं देसाई नहीं हूँ. बैसाणे. पांडेसरा से. मेरी माँ ने सच बोला. झूठ मैंने बोला. उनकी छुरी वापस रखो."

"फिर ये बुकिंग आपकी नहीं है. टेबल खाली करना पडेगा."

"सच नाम से तुम देते नहीं. बेटी से पूछो, कितनी बार फुल बोला. ऑर्डर लिया है ना? खाना लाओ. पैसा देके खाएंगे. और लिखो वहाँ, बैसाणे."

तो उभाच राहिला. हो म्हणेना, नाही म्हणेना. माय उठायला लागली. "चाल ना रे भाऊ. घर जाऊत."

"बस, माय. आपन कोठे जात नई."

मग मी तिच्या खुर्चीशी खाली बसलो. करुणाला ऐकू जाईल, त्या कोटवाल्याला ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं, आमच्या घरच्या बोलीत म्हणालो, "माय, माफ कर. तुनं डोकं जागावर शे. मनंच डोकं फिरेल व्हतं. आतेपाइन मी नाव लपाडाव नई. टेबल भेटो, नईतं नको भेटो."