आयाळ पडेपर्यंत

"बाई, आत्या गेली," निलेश फोनवर म्हणाला. माझा सकाळचा चहा अजून कपातच होता. मी काही बोलणार, तोवर त्याने त्याच दमात पुढचं विचारलं, "तुमच्या ओळखीत घोडे घेणारं कोणी आहे का?"

महिना उलटून गेला, पण ते दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. निलेश म्हणजे कुंदाचा भाचा, माझा जुना विद्यार्थी. वाईट मुलगा नाही. रात्रभर पुण्याहून गाडी चालवत आला होता, वाडीत दोन घोडे उपाशी उभे होते आणि त्यांचं पुढे काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मी फोन आपटला आणि रडायच्या आधी चिडले. अजूनही चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी चांगलंच लिहिणार आहे, पण गोड लिहिणार नाही. कुंदालाही गोड खपायचं नाही.

कुंदा पाटील आणि मी माणिकपूरच्या एका शाळेत एकत्र नोकरी केली. ती पी.टी. शिकवायची, मी मराठी. तिने मला उभ्या आयुष्यात नावाने हाक मारली नाही. "ए मराठी, डबा काढ," असं ती मैदानाच्या पलीकडून ओरडायची आणि सगळी शाळा हसायची. मी तिला पीटी म्हणायचे. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, लग्नाचा विषय काढणाऱ्याला एका वाक्यात गप्प करणारी. कॉलेजात असताना एनसीसीत घोड्यावर बसायला शिकली होती, आणि ते वेड तिच्या अंगात कुठेतरी तसंच राहून गेलं होतं. निवृत्त झाल्यावर आम्ही बाकीच्या बायका सहली काढत होतो, भजनी मंडळात नावं घालत होतो. ही आगाशीला वडिलांच्या वाडीत राहायला गेली, चिकूच्या झाडांमागचा गुरांचा जुना गोठा साफ केला आणि एक दिवस मुंबईहून टेम्पोतून घोडा घेऊन आली.

तो बादल. पोलो खेळून थकलेला. पोलो म्हणजे काय हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! घोड्यावर बसून लांब दांड्याने चेंडू मारायचा, भरधाव पळवायचं, जागच्या जागी थांबवायचं, गर्रकन वळवायचं. पाच-सात वर्षांत घोड्याच्या पायाची पार वाट लागते. मग मालक नवा घोडा घेतात. जुन्याचं काय होतं? कुणी बग्गीला जुंपतं, कुणी वरातीला नेतं, कुणी कुठे जातो ते कुणी विचारतच नाही. कुंदाने विचारलं. त्यानंतर ती असे घोडे आणत राहिली. त्यांना बरं करायचं, साधं चालायला शिकवायचं आणि आसपासच्या मुलांना त्यांच्यावर बसायला शिकवायचं, एवढाच तिचा उद्योग. काही म्हातारे होऊन तिच्याच वाडीत मेले, काहींना तिने स्वतः पारखून चांगली घरं दिली.

आणि तिचा एक नियम होता. पोलोच्या घोड्याची आयाळ भादरलेली असते, केस लगामात आणि काठीत अडकू नयेत म्हणून. वाडीत आलेल्या घोड्याची मान अगदी बोडकी. ती आयाळ वाढून, ताठ उभी राहून, शेवटी आपल्या वजनाने एका बाजूला मानेवर पडेपर्यंत त्या घोड्यावर कोणी बसायचं नाही. लहान मूल नाही, पाहुणा नाही, खुद्द कुंदासुद्धा नाही. वर्ष लागो, सव्वा वर्ष लागो. तोवर नुसतं चालवायचं, खरारा करायचा, ओहोटीला अर्नाळ्याच्या ओल्या वाळूत फिरवून आणायचं. "केस वाढतात तसा आतला घोडाही परत येतो गं," ती म्हणायची. मी तिला म्हटलं होतं, हे शास्त्र आहे की तुझा हट्ट? "हट्ट आहे. तुला काही अडचण?" आयाळ पडली की पहिली चक्कर मात्र तिची. वाडीच्या कुंपणाकडेने एकच, शांतपणे, लगाम सैल सोडून. ती उतरली की मग बाकीच्यांची पाळी. बादल आला तेव्हा निलेश कॉलेजात होता. एकदा, फक्त एकदा बसू दे म्हणून तो आत्याच्या मागे-मागे फिरायचा. तिने त्याला वर्षभर लीद उचलायला लावली, पण बसू दिलं नाही.

पोलोच्या घोड्याची आणखी एक खोड असते. वर बसलेल्याचा उजवा हात उंच गेला की त्याला वाटतं, आता चेंडू मारायचाय, आणि तो सुसाट सुटतो. कुंदा येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायची. वाडीला लागून नवी इमारत झाली, तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही तिने सांगितलं होतं. हे गृहस्थ सोमवार ते शनिवार लिदीच्या वासाच्या तक्रारी करायचे आणि रविवारी नातवंडांना घेऊन गाजरं खिलवायला यायचे. एका रविवारी कुंदा आत चहा टाकत असताना ते बादलवर चढून बसले आणि सेल्फी काढायला मोबाइल धरून उजवा हात वर केला. बादल जो सुटला तो थेट शेवटच्या केळीपर्यंत, आणि तिथे जागच्या जागी थांबला. सेक्रेटरी थांबले नाहीत. ते पुढच्या खतात जाऊन पडले. कुंदा धावत गेली ती बादलचे पाय तपासायला. मी आजही आठवून हसते. पण ह्याच गृहस्थांनी कुंदाच्या शोकसभेत दहा मिनिटं भाषण केलं, "प्राणिमित्र कुंदाताई" म्हणून गळा दाटून आणला. मी पहिल्या रांगेत होते. खुर्ची उचलून मारावीशी वाटली.

कांता आली गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात. मालकाने नाव ठेवलं होतं कॉन्टेसा. वाडीत कामाला येणाऱ्या हिरूबाईने पहिल्याच दिवशी तिची कांता केली आणि ती कांताच राहिली. तांबूस रंगाची, उजव्या पुढच्या पायाने अधू, कुणी जवळ गेलं की कान मागे टाकणारी. मालक स्वतः गाडीतून आले होते, पांढरेशुभ्र बूट घालून. मी त्या दिवशी तिथे होते. "मॅडम, शी इज अ स्वीटहार्ट," ते म्हणाले, "अभी रिटायर हो गयी है. बस, अच्छा घर चाहिए." कुंदा घोडीच्या पायावरून हात फिरवत खाली बसलेली होती. तिने मान वर न करता विचारलं, "रिटायर मी पण झाले. मला सरकारने पेन्शन दिली. हिला तुम्ही काय दिलंत?" ते हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करतायत. जाताना त्यांनी घोडीच्या नाकावरून हात फिरवला, फोटो काढून घेतला आणि गेले. कधी एक फोन नाही की चौकशी नाही. कुंदा गेल्याचं कळल्यावर मात्र भला मोठा पुष्पगुच्छ आला. मी तो बादलला घातला. त्याने फुलं खाल्ली, प्लास्टिक मी काढून ठेवलं होतं.

ह्या वर्षी होळीच्या सुमारास कुंदाला चालताना धाप लागायला लागली. मी मागे लागून तिला तपासायला नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल, उशीर करू नका. बाहेर आल्यावर रिक्षात ती मला म्हणाली, "पावसाळा संपला की करू."

"डॉक्टर उशीर नको म्हणालेत, पीटी."

"ऑपरेशननंतर मला सहा महिने घोड्यावर बसू देणार नाहीत. कांताची आयाळ पडत आलीय. माझी एक चक्कर होऊ दे, मग खुशाल कापा मला."

मी भांडले. रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं, इतकी भांडले. अख्खं वर्ष घोडीला विश्रांती देणारी बाई, स्वतःला दोन दिवस पाठ टेकू द्यायला तयार नाही! त्यानंतर मी दर वेळी विषय काढायचे आणि ती दर वेळी कंगवा उचलायची. मोठ्या दातांचा, लाकडी, आगाशीच्या बाजारातून घेतलेला, तबेल्याच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असायचा. कांताच्या मानेवरून तो हळूहळू फिरवत ती म्हणायची, "बघ, कानापाशी पडली. मधली अजून ताठ आहे. जिद्दी आहे, तुझ्यासारखी." आमची शेवटची भेटही अशीच झाली. भर पावसात आम्ही दोघी तबेल्यात उभ्या होतो. घोडी मान खाली घालून, डोळे मिटून, तिच्या हाताखाली उभी होती. ती पहिल्यांदाच कुणाजवळ अशी उभी राहिलेली मी पाहिली. "पंधरा-वीस दिवस, बस्स," कुंदा म्हणाली... आठवड्याच्या आत हिरूबाईला ती तबेल्यात पडलेली सापडली. हरभऱ्याची बादली लवंडली होती.

तेरावं झाल्यावर मी एका सकाळी विरारहून बसने आगाशीला गेले. बादल आणि कांताला पाहून यावं, एवढंच मनात होतं. तबेल्यासमोर निलेश होता आणि त्याच्याबरोबर एक अनोळखी माणूस, सोनेरी बटणांचा शर्ट घातलेला. तो लग्नाच्या वरातींना घोडे पुरवतो, एरवी किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतो, हे निलेशने सांगितलं. माझं लक्ष कांताकडे गेलं. तिची मान बोडकी होती. अगदी पहिल्या दिवशी होती तशी. खाली फरशीवर तांबूस केसांचा ढीग पडला होता आणि हिरूबाई हातात केरसुणी धरून नुसती उभी होती, झाडत नव्हती.

"हे कुणी केलं?"

"मीच करून घेतलं, बाई," निलेश म्हणाला. "हिला चांगलं घर मिळायचं तर फोटो चांगले नकोत? मालकांकडचे जुने फोटो बघा, किती स्मार्ट दिसायची. केस नुसते अर्धवट लोंबत होते."

मी वर्गातसुद्धा कधी इतकी ओरडले नव्हते. गाढवा, म्हटलं, ह्या अर्धवट लोंबणाऱ्या केसांसाठी तुझ्या आत्याने ऑपरेशन पुढे ढकललं. ह्या केसांसाठी ती मेली. आणि तू मशीन फिरवलंस? निलेशला ऑपरेशनचं माहीतच नव्हतं. कुंदाने घरात कुणाला सांगितलंच नव्हतं, मलाही शपथ घातली होती. तो तिथेच पालथ्या बादलीवर बसला. हिरूबाई म्हणाली, "बाय गेल्यापासून पानीसुदा धड पीत नाय ती घोडी. तिला इकतंस कुठं, बाबू?"

तो बटणवाला मात्र मोकळाच होता. "अहो मावशी, केस काय, परत येतात. उलट बरं झालं, डोक्यावर साज नीट बसेल. माझी शनिवारी वरात आहे, आजच घेऊन जातो." वरात! मला डोळ्यांसमोर दिसलं. बँड, फटाके, रस्ताभर नाचणारी माणसं, सगळ्यांचे हात वर. आणि मध्ये ही घोडी, जिला उंच गेलेला हात म्हणजे पळ एवढंच शिकवलेलं, आणि जिला आता तोंड घट्ट आवळून पळू देणार नाहीत.

मला काय सुचलं कोण जाणे. मी त्या माणसाला म्हटलं, "आयाळ मानेवर पडेपर्यंत हिच्यावर कोणी बसायचं नाही."

"म्हणजे किती दिवस?"

"वर्ष. सव्वा वर्ष. तिची मर्जी."

तो हसला आणि निलेशकडे वळला. "काय साहेब, काय म्हणतायत ह्या?" निलेश खालच्या केसांकडे बघत होता. मग म्हणाला, "आत्याचा नियम आहे. मी पण थांबलो होतो." तो माणूस पुटपुटत निघून गेला, आणि गेटपाशी बादलने त्याच्या खांद्यावर शिंकून घेतलं.

निलेश अजून वाडीतच आहे. ऑफिसचं काम चिकूखाली लॅपटॉप मांडून करतो, सकाळ-संध्याकाळ लीद उचलतो. पुढे काय, ते त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही. निदान वर्षभर कांता कुठे जाणार नाही, हे मात्र त्याने आपणहून सांगितलं. त्याच्या चुकीनेच तिला हे वर्ष मिळालं, असं लोक म्हणतात. मला तसं समाधान करून घेता येत नाही. मालकांवर राग आहे, सेक्रेटरींवर आहे, निलेशवरचा निवळलाय. पण खरा राग तुझ्यावर आहे, पीटी. घोडा देताना त्याच्या पुढचा विचार करायला हवा, असं तू साऱ्या जगाला सुनवायचीस. तू कुठे केलास? तूही बादली लवंडून निघून गेलीस.

मी मधूनमधून जाते. कांता आता पाणी पिते. परवा तिने मला पहिल्यांदा मानेवर हात ठेवू दिला. केस अर्ध्या पेराएवढे आलेत, ताठ, तळव्याला टोचतात. तुझा कंगवा दाराशी त्याच खिळ्याला आहे, त्याच्या दातांत तिचे जुने केस अडकलेले आहेत आणि आम्ही कुणी ते काढत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो लागणार नाही. मग कधीतरी ती आयाळ पडेल, कानापासून सुरू होऊन, तू म्हणायचीस तशी. त्या दिवशी पहिली चक्कर कोणी मारायची, हे तू कुणालाच सांगून गेली नाहीस.