दिवाणावरचे आबा

भवानीनगरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच जुन्या फर्निचरचं दुकान आहे. बारामतीच्या नव्या घरासाठी मी तिथला एक सागवानी दिवाण बघत होतो. कोरीव पाय, ऐसपैस पाठ; बघताक्षणी लोळावंसं वाटेल असा. दुकानदार फोनवर होता. तेवढ्यात शेजारच्या आरामखुर्चीतले टोपीवाले आबा उठले, दिवाणावर टकटक केली, लाकूड हुंगलं आणि ठरत आलेली सोयरीक मोडणाऱ्या माणसाच्या आवाजात हळूच म्हणाले, "पाव्हणं, दिसायला ब्येस हाय. पर आत ढेकणं हायती. तुमी आपली ही खुर्ची न्या."

इतका सच्चा माणूस! मी त्यांचे आभार मानून त्यांच्याच बुडाखालची खुर्ची घरी आणली.

आठवड्यानं भर दुपारी पुन्हा तिथं डोकावलो. आबा त्याच दिवाणावर, तोंडावर टोपी घेऊन आडवे.

दुकानदार म्हणाला, "दुपारची झोप रोज हितंच काढत्यात. पर ह्यो दिवाण काय खपंना बघा. गिऱ्हाईक येतंय, बघतंय आन् निघून जातंय."

मी वाकून विचारलं, "आबा, ढेकणं?"

टोपी न काढता आबा कुशीवर वळले.

"माझ्या वळखीची हायती."