रिकामी गाडी पळवून दावू नका

रिकामी गाडी कुणीबी पळवंल की! सरकी पेंडीची पोती भरून चढ चढत नेसरीपतूर जाती का, एवढंच इचारलं, तर शोरूमवाल्यांची तोंडं का उतरली?

पिकपवाल्या भावांनो, आज सकाळचंच सांगते. आमच्या ह्यांनी बॅटरीवरचा पिकप पसंत केलाय. बदल्यात जुनी डिझेलची गाडी द्यायची. आमचं पोट त्या एका गाडीवर हाय. म्हणून मी जुनी गाडी पेंडीनं भरूनच उचगावच्या शोरूमात नेली. म्हटलं, "ही पोती तुमच्या गाडीत टाका आणि चला नेसरीला."

सेल्समन म्हणाला, "मावशी, ट्रायलच्या गाडीत माल भरत न्हाईत."

"मग आम्ही काय वारं भरून विकायचं?"

"अगं, गप की!" हे म्हणाले. मी कशाला गप बसते?

सेल्समन म्हणाला, "ही पोचतीच, पण वाटेत बॅटरी संपायची भीती वाटत असंल तर थांबा. बारकं इंजिन असलेली येणार हाय. बॅटरी उतरली की इंजिन ती चार्ज करतंय."

"ही पोचती म्हणता, मग तिला इंजिन कशाला? आणि ती आल्यावर ही बंद केली, तर हिचे पार्ट कोण देणार?"

त्यावर त्यानं चहा मागवला.

मी चहा न पिताच उठले. जुन्या गाडीची किल्ली माझ्या पदराला बांधलीय. कुणी भरल्या मालानं बॅटरीवरची गाडी चढावर घातली असंल, तर खरं सांगा.

आणि शोरूमवाल्यांनो, तुम्हीबी हे वाचताय. शनिवारच्या आत माझी पोती भरून नेसरीला येताय का? व्हय की न्हाय, तेवढंच सांगा.