भावजींचा वर केलेला हात

आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारा माणूस म्हणजे माझे धाकटे दीर. सासूबाई म्हणायच्या, "याच्या वाटचं बोलणं थोरल्याला गेलं." थोरले म्हणजे आमचे हे.

माहितीपटांसाठी आवाज टिपणं हे भावजींचं काम. जिथे जातील तिथली शांतताही ते वेगळी टिपतात. त्यांनी हात वर केला की सगळ्यांनी जिथल्या तिथे पुतळा व्हायचं. घरी आले की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हेडफोन माझ्या कानांवर चढवतात. भाजी चिरता चिरता मी रिकामं नाट्यगृह ऐकलंय, बर्फाचा कारखाना ऐकलाय.

परवा ते एका जुन्या शिडाच्या जहाजावरून आले. जहाजाची ती शेवटची फेरी. पुढे ते संग्रहालयाच्या धक्क्याला कायमचं बांधलं जाणार. भावजींना एकच हवं होतं: इंजिन बंद करून नुसत्या वाऱ्यावर निघालेल्या त्या जहाजाचा आवाज.

वाऱ्याचा मात्र पत्ताच नव्हता. शिडं दोरीवर विसरलेल्या चादरींसारखी लोंबत होती. कप्तान म्हणाले, "सूर्य बुडेपर्यंत वाट बघू. मग इंजिन लावून परत."

"तोवर शांतता तरी घेतो," म्हणत भावजींनी हात वर केला. दोर धरलेले खलाशी थिजले. आचारी झारा उचललेला तसाच उभा राहिला.

"आणि वहिनी, तो आला."

"कोण?"

"वारा. लांबून, पाण्यावरून. कुणी अनवाणी चालत यावं तसा. हेडफोनमुळे मला आधी ऐकू आला."

"मग?"

"मग काय, ऐकतच राहिलो."

हात खाली घ्यायचं भान त्यांना राहिलंच नाही. वारा सगळ्यांच्या केसांतून फिरला, शीड थरथरलं, पण खलाशी शिडाकडे न बघता भावजींच्या हाताकडे बघत होते. कप्तानांचे नुसते डोळे फिरत होते. शेवटी भावजीच वैतागून म्हणाले, "अहो, ओढा ना. थांबलात कशाला?"

मी हेडफोन लावले. आधी नुसतं पाणी. मग ती अनवाणी चाल, जवळ जवळ येणारी. मग आमच्या भावजींचा ओरडा, त्यावर उसळलेलं हसू, सरसरणारे दोर. आणि एक मोठं लाकडी घर झोपेतून कुशीवर वळावं तसा संथ, खोल आवाज. माझ्या पायांखालची फरशी हलकेच कलली.

"शीड भरलं ते एकदाच," भावजी म्हणाले. "नेमकी त्यावर माझी बडबड. तेवढं कापावं लागेल."

"कापू नका. जहाज कुणाच्या सांगण्यावरून निघालं, ते कळायला नको?"

भावजी बराच वेळ स्टुलाचा पाय अंगठ्याने घासत राहिले. "राहू दे मग," म्हणाले.

मी पुढचं ऐकायला हेडफोन पुन्हा कानांवर घेतले. तेवढ्यात हे काहीतरी सांगत आत आले. भावजींनी हात वर केला. हे उंबऱ्यातच थांबले, तोंड उघडं ठेवून.

मी डोळे मिटले. अजून किनारा लांब होता.